उजवा पडदा

३ फेब्रुवारी, सोमवार

अखेर येऊन पोचलो. खोकी जिन्यात, गाद्या दारात, आणि वहिनीने नव्या स्वयंपाकघरातला पहिलाच चहा ओट्यावर सांडला. तिच्या मते हा चांगला शकुन. माझ्या मते फडकं शोधायचं काम. घर दोनच खोल्यांचं, पण उजेड भरपूर. खाली लॉन्ड्री आहे, समोर चपला शिवणाऱ्याचं दुकान, आणि मागच्या खिडकीतून हॉस्पिटलची पिवळी भिंत दिसते. दारापासून दारापर्यंत चालत सात मिनिटं लागतात.

एवढी मोठी जागा सोडून इथे का आलीस, असं विचारणाऱ्यांना मी सांगते की इथलं सीटीचं यंत्र नवीन आहे. खरं कारण दादा. नोव्हेंबरमध्ये त्याला तो नसांचा आजार झाला आणि चार दिवसांत पायांपासून छातीपर्यंत माणूस लुळा पडला. नसा परत येतात, फक्त त्यांना कसलीच घाई नसते. तोवर श्वास घ्यायला त्याच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली आहे. अशा पेशंटांना महिनोन्‌महिने नीट सांभाळणारा वॉर्ड या हॉस्पिटलात आहे, आणि इथल्या डॉक्टरांच्या घरच्यांना तिथे आधी खाट मिळते. म्हणून मी आले. मार्चअखेर नळी निघेल असं सगळे म्हणतात. मला यंत्रबिंत काही नको, मला ती नळी निघालेली बघायची आहे.

दादाला दुपारी अँब्युलन्सने आणलं. नळीमुळे बोलता येत नाही, पण हात चालायला लागल्यापासून पाटीवर लिहितो. आज लिहिलं, "भिंगबाई, इथलं छत तिथल्यापेक्षा बरं आहे. वाचायला जास्त मजकूर आहे." सहाव्या वर्षी मला चष्मा लागला तेव्हापासून मी भिंगबाई. आता रेडिओलॉजिस्ट होऊन पंधरा वर्षं झाली तरी बढती नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझी खोली सीटीच्या खोलीला लागून आहे. खिडकी नाही, खुर्ची उत्तम. टेबलावर दोन मोठे पडदे. डाव्यावर आजची चित्रं बघायची, उजव्यावर त्याच पेशंटची जुनी. आमच्या कामातला हा पहिला धडा असतो: एकट्या चित्रावर विश्वास ठेवू नये, शेजारी जुनं ठेवून तुलना करावी. 

तर त्या उजव्या पडद्यावर चक्क टॉवेल. चौकटीचा, निळा, वर कपड्यांचे दोन चिमटे लावून टांगलेला! मला हसूच फुटलं. माझ्याआधीचे डॉक्टर तो टांगून गेले म्हणे. ते इथे अकरा वर्षं होते आणि गेल्या महिन्यात अचानक राजीनामा देऊन गेले. त्यांचं टोपणनाव ठीकठाक, कारण त्यांचा निम्मा रिपोर्ट त्या एका शब्दात असायचा.

हे सगळं मला टेक्निशियनने सांगितलं. पन्नाशीचे गृहस्थ, मितभाषी. तीस वर्षं ते काचेपलीकडून पेशंटांना श्वास घ्या, धरा, सोडा असं सांगताहेत, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना श्वासमास्तर म्हणतं. टॉवेल काढू का, असं मी विचारलं तर म्हणाले की खोली तुमची आहे. तेवढंच. मी टॉवेल काढला आणि येताना लॉन्ड्रीत टाकला. महिन्याभराची धूळ होती त्यावर, शिंकून शिंकून बेजार झाले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज नळीवार. हा इथला खास प्रकार. काही वर्षांपूर्वी एका पेशंटची नळी सरकलेली होती आणि पाच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून अंगात नळी असलेल्या प्रत्येकाचा दर गुरुवारी कमी किरणांचा सीटी होतो. सकाळपासून खाटा रांगेने खाली येतात आणि सिस्टर लोक वाराचं नावच बदलून बसले आहेत.

लोकांना वाटतं, नळी घातली की सुटलो. पण शरीर काही लाकडाचं नाही. श्वासाची नळी जागी धरून ठेवणारा फुगा जास्त फुगला तर श्वासनळीची भिंत दबून सडते. औषध द्यायला मानेच्या शिरेत घातलेल्या लाइनचं टोक शिरेची भिंत भोसकून बाहेर येऊ शकतं. वरून काही दिसत नाही, पेशंट हसत असतो, आणि आत काहीतरी घासत असतं. ते वेळेवर बघणं हे माझं काम, आणि स्वतःच स्वतःचं कौतुक करायचं तर या कामात माझा हात धरणारं फार कुणी नाही.

आज अकरा झाले, सगळे उत्तम. चार नंबरच्या शिंपीणबाईंच्या लाइनचं टोक शिरेच्या मधोमध. नऊ नंबरच्या बस-ड्रायव्हरच्या श्वासनळीची मागची भिंत गुळगुळीत, श्वासमास्तरही बघून म्हणाले की छान आहे. आणि दादा. श्वासनळीच्या पुढून एक मोठी धमनी आडवी जाते. गळ्यातली नळी भिंतीला घासत राहिली तर ती त्या धमनीपर्यंत पोचते, आणि मग काही मिनिटांतच सगळं संपतं. म्हणून नळी आणि धमनी यांच्यामध्ये किती जागा आहे ते मी तीनदा मोजलं. चार मिलिमीटर. जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर हे आकडे इथे लिहायची माझी जुनी सवय. दादा म्हणतो, लोक वहीत कविता लिहितात, आमची ही मिलिमीटर लिहिते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाईट दिवस.

सकाळी शिंपीणबाई खाली आल्या त्या उठून बसलेल्या होत्या. श्वासमास्तरांच्या सदऱ्याची उसवलेली बाही बघून त्यांनी सुई मागितली. चित्रं आली. लाइनचं टोक शिरेतून बाहेर, छातीत पाणी. फार नाही, काढता येण्यासारखं. मी लगेच आयसीयूच्या प्रमुख बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की आत्ता घेते.

मग मी नेहमीप्रमाणे उजव्या पडद्यावर गेल्या गुरुवारचं चित्र उघडलं.

त्यातही टोक बाहेर होतं. त्यातही पाणी होतं. अगदी स्पष्ट, शिकाऊ पोराला दिसावं इतकं. आणि खाली माझ्या नावाचा रिपोर्ट: टोक योग्य जागी.

शिंपीणबाई संध्याकाळी गेल्या. प्रमुख बाई सांगत होत्या की छातीतून निघालं ते पाणी नव्हतंच, घट्ट पू होता, आठवडाभर साचलेला. सकाळी बसून सुई मागणाऱ्या बाईच्या छातीत आठवड्याचा पू कसा, हे त्यांनाही उमगेना. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादाचे चार मिलिमीटर. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण आज मला एवढंच हवं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या धंद्यात हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. एकदा सापडलं की मागच्या चित्रात पण दिसतं, आणि मग प्रश्न पडतो की तेव्हा डोळे कुठे गेले होते. मी हे शिकवताना शंभरदा सांगितलं आहे, आणि सांगताना मनात म्हटलं आहे की माझं असं होत नाही. बरीच नाक वर करून चालत होते. जिरली.

पण मघाशी ही वही चाळली. सहा तारखेला मी लिहिलं आहे, मधोमध. मी न बघता लिहिणारी नाही. ते टोक मला आठवतं. शिरेच्या मध्ये एक पांढरा ठिपका, भोवती सगळीकडे सारखी जागा.

वहिनी म्हणते, दमली आहेस, दोन दिवस रजा घे. वहिनीला कसं सांगू की दमलेल्या माणसाला दिसत नाही, न पाहिलेलं आठवत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ड्रायव्हरच्या मानेच्या कातडीखाली सकाळी हवा लागली. बोटाने दाबलं की कुरकुरते. लगेच सीटी. श्वासनळीच्या मागच्या भिंतीत टाचणीच्या डोक्याएवढी चीर. एवढीशी चीर नळी थोडी खाली सरकवली तर आपोआप भरते. मी तसं कळवलं.

मग उजवा पडदा. तेराचं चित्र. चीर आहे, आणि आजच्यापेक्षा मोठी. सहाचं चित्र. त्याहून मोठी. भिंतच नाही, नुसती फट.

चीर उलटी चालते का? आधी मोठी आणि मग लहान?

श्वासमास्तरांना हाक मारली. सहा तारखेला तेही माझ्याजवळ उभे होते, छान आहे म्हणाले होते. त्यांनी उजव्या पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डाव्याकडे बघा म्हणाले, उजवा बंद करा. मी चिडले. मी म्हटलं की मास्तर, मी काय विचारते आहे आणि तुम्ही काय सांगताय. ते बाहेर निघून गेले.

तासाभरात ड्रायव्हरची दोन्ही फुप्फुसं बसली. अजून जिवंत आहे, पण प्रमुख बाईंचा चेहरा मी पाहिला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रायव्हर पहाटे गेला. बाहेर बाकावर त्याची बायको त्याची टोपी हातात घेऊन बसली होती.

जेवणाच्या सुट्टीत श्वासमास्तर आपण होऊन आले. दार लावून घेतलं आणि उभ्यानेच सांगितलं. ठीकठाक डॉक्टर नवे आले तेव्हा दोन्ही पडदे बघायचे, माझ्यासारखेच. पहिल्या चार महिन्यांत नऊ माणसं गेली. प्रत्येकाच्या नव्या चित्रात लहानसं काहीतरी सापडायचं, आणि जुनं उघडलं की त्यातही ते निघायचं. जुन्यात निघालं की अंगातही तितकं जुनं व्हायचं. मग एक दिवस डॉक्टरांनी टॉवेल टांगला. त्यानंतरही नव्या चित्रांत दोष सापडले, ते दुरुस्त झाले, माणसं घरी गेली. डॉक्टरांनी कारण कधी सांगितलं नाही. फक्त म्हणायचे की आजचं बघायचं, कालचं बघायचं नाही.

मी म्हटलं की मास्तर, मी डॉक्टर आहे, माझ्यापुढे हे असलं बोलू नका. ते म्हणाले की तेही डॉक्टरच होते.

नसता वेडेपणा आहे हा. चित्र म्हणजे आकडे असतात. साठवलेले आकडे कुणी पाहिले म्हणून बदलत नाहीत.

वही मात्र दोनदा उघडून पाहिली. गुळगुळीत, असंच लिहिलं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नळीवार. सहा नंबरवर बेकरीवाला. पायात गाठी होतात म्हणून त्याच्या पोटातल्या मोठ्या शिरेत गाठी अडवणारी बारीक तारेची जाळी बसवलेली आहे. आज जाळीचा एक पाय शिरेच्या भिंतीतून बाहेर आलेला दिसला.

सवयीने हात उजव्या पडद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. एक मिनिट, कदाचित दोन. मग मी हात मांडीवर ठेवला. नुसतं डावं बघून रिपोर्ट लिहिला. तुलनेच्या रकान्यात या वहीतला आकडा टाकला (वही आता पर्समध्येच असते), चित्र न उघडता.

दुपारी जाळी काढली. चार वाजता बेकरीवाला उशीला टेकून मोबाइल मागत होता.

म्हणजे काय समजायचं? एकाच माणसावरून काही ठरत नसतं, हे मी दुसऱ्यांना शिकवते. पण येताना लॉन्ड्रीतून टॉवेल घेऊन आले, आणि उद्या तो टांगणार आहे. मला माझी शरम वाटते आणि त्याहून जास्त हायसं वाटतं.

दादाचे चार मिलिमीटर, फक्त डाव्या पडद्यावर. आणि आज त्यांनी त्याच्या नळीवर दहा मिनिटं बोलायची झडप लावली. साडेतीन महिन्यांनी आवाज आला, घोगरा, चिरका. वहिनीला वाटलं आता तिचं नाव घेईल. तर म्हणाला, "पंखा कमी करा रे कुणीतरी." वहिनी हसता हसता रडायला लागली. मी तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन मृत्यूंची चौकशी समिती. अध्यक्ष छातीचे सर्जन. संथ बोलणारे, शांत गृहस्थ, आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला सभ्यपणे समजावलं की यापुढे प्रत्येक रिपोर्टात जुन्या चित्राशी तुलना हवी, आणि ती चित्र उघडूनच केलेली हवी. कुणी काय कधी उघडलं हे यंत्रात नोंदलं जातं. बेकरीवाल्याचं जुनं चित्र मी उघडलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले की मी स्वतः तीस वर्षांत जुनं आणि नवं शेजारी लावल्याशिवाय एकही छाती उघडलेली नाही.

बाहेर आल्यावर श्वासमास्तरांना विचारलं की सर्जनसाहेबांचे पेशंट कसे निघतात. ते म्हणाले, फार वाचत नाहीत. छातीचं काम अवघडच, असं सगळे म्हणतात.

टॉवेल टांगला आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मी बघितलं तरच होतं, की कुणीही बघितलं तरी होतं? विचारायचं कुणाला? ठीकठाक डॉक्टरांचा फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. ते आता कुठलंच चित्र बघत नाहीत म्हणाली. घरातले फोटोसुद्धा उतरवले आहेत. माझं नाव विचारून तिने फोन ठेवून दिला.

दादाला इथून कुठे हलवता येईल का, म्हणून दोन ठिकाणी विचारलं. खाट नाही. महिना लागेल.

वहिनीने विचारलं की सारखी त्याच्या गळ्याकडे काय बघतेस. दादाने पाटीवर लिहिलं, "तिला माझं लॉकेट आवडलंय."

हसले. हसावं लागलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

दादाच्या नळीतून रक्त आलं. चमचाभर, लाल. सिस्टरने सक्शनने ओढलं आणि थांबलं. त्याने पाटीवर लिहिलं, "किती?" मी म्हटलं, काही नाही रे, खरचटलं असेल.

असं चमचाभर रक्त म्हणजे काय ते मला माहीत आहे. पहिलं थोडं येतं. मग थांबतं. मग काही तासांनी, कधी एक दिवसाने —

सीटीला नेताहेत.

साडेअकरा

डावा पडदा. मी एकटीने वाचलं. हात स्थिर होता, याचं मलाच आश्चर्य.

नळीचं टोक भिंतीत रुतलं आहे. पुढे धमनी. मधली जागा शून्य. धमनीची भिंत एका बाजूला पातळ झाली आहे पण फाटलेली नाही. अजून नाही. आत्ता उघडलं तर बांधता येईल. दादा वाचेल. नक्की वाचेल, मी अशी दोन माणसं वाचलेली पाहिली आहेत.

सर्जनसाहेबांना फोन केला. त्यांनी विचारलं, आधी किती जागा होती. बरोबरच आहे त्यांचं. धमनी आधीपासूनच चिकटलेली असेल, तर रक्त नुसतं खरचटल्याचं असू शकतं, आणि अशा अशक्त माणसाची छाती उगाच उघडली तर तो तेवढ्यानेच जाईल. मी म्हटलं, चार मिलिमीटर. तिन्ही वेळा चार. पाठ आहे मला.

ते म्हणाले, मग घेऊ या. तासाभरात थिएटर तयार होईल. आणि म्हणाले, जुनी चित्रं मी तिथल्या पडद्यावर लावून एकदा बघतो.

नका बघू म्हटलं मी. चार आहे, मी सही करून देते, लिहून देते, नका उघडू. ते शांतपणे म्हणाले की तुम्ही बहीण आहात, तुमची अवस्था मी समजू शकतो, तुम्ही घरच्यांजवळ जाऊन बसा.

पावणेबारा

वहिनीने संमतीपत्रावर सही केली. मला म्हणाली, तू पाहिलंस ना सगळं नीट? मग मला काही विचारायचं नाही.

दादाला वर नेलं. जाताना पाटी माझ्या हातात दिली. कोरी होती.

बारा

माझ्या खोलीत आहे. दार लावलं आहे.

जुनी तीन चित्रं यंत्रात आहेत. सहा, तेरा, वीस. ती नसतील तर कुणालाच उघडता येणार नाहीत. मला मिटवायचा अधिकार आहे. कारण लिहावं लागतं.

मला कळतं हे कसं दिसेल. दोन माणसं गेली, आता ही स्वतःच्या चुकांचे पुरावे पुसते आहे, असं म्हणतील. परवाना जाईल. जाऊ दे. वहिनीसुद्धा तेच म्हणेल कदाचित. म्हणू दे. आणि मास्तर चुकत असतील, मी खरंच आंधळी झाले असेन, तर त्या चित्रांत शून्य आधीपासूनच आहे आणि मी — नाही. चार होतं. तीनदा मोजलं होतं.

आकडे इथे लिहून ठेवते. सहा तारीख, चार. तेरा तारीख, चार. वीस तारीख, चार. पुढे कुणी वाचलं तर हे खरं आहे.

लिहीत राहिले की नजर पडद्याकडे जात नाही, म्हणून लिहिते आहे.

बारा दहा

यंत्र मिटवण्याआधी चित्र दाखवतं आणि खात्री आहे का विचारतं. टॉवेल आहेच. उजवा पडदा पूर्ण झाकेल असा ओढून घेतला. बटण कुठे आहे ते माहीत आहे मला.

वीस तारीख. डोळे मिटले. दाबलं. गेली.

श्वासमास्तर दार ठोठावताहेत. उघडत नाही. विचारताहेत काय चाललंय. मी म्हटलं, आजचंच बघते आहे.

तेरा तारीख. गेली.

एकच राहिली. सहा. पहिली. हीच सगळ्यात जुनी — हिच्यात शून्य झालं तर अठरा दिवसांचं शून्य, अठरा दिवस घासलेली धमनी, ती टिकणारच नाही —

बारा तेरा

मिटत नाही.

पुन्हा दाबलं. नकाराचा आवाज येतो, परत परत. खाली काहीतरी लिहून आलं आहे, टॉवेलच्या कडेखाली दिसतं. नुसती ओळ वाचते. चित्र नाही, फक्त ओळ.

"ही तपासणी दुसऱ्या पडद्यावर उघडलेली आहे. ऑपरेशन थिएटर."

अजून पंधरा मिनिटं तरी होती. तासाभर म्हणाले होते. त्यांनी आधीच —

वरच्या मजल्यावर कुणीतरी धावतंय. एक नाही, बरेच.

फोन वाजतो आहे. थिएटरचाच नंबर. सर्जनसाहेब. विचारतील की डॉक्टर, तुमचे ते चार मिलिमीटर कुठे आ